सेफमध्ये डिस्क मेल्यासारखी दिसतेय? हात लावायच्या आधी हे या क्रमाने बघा

प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि सेफ (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच स्टोरेज बनवणारं) चालवणाऱ्यांचे जे फोन येतात ना, त्यातले निम्मे एकाच वाक्याने सुरू होतात, ‘सर डिस्क गेली, काढू का?’ कशावरून गेली असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ओएसडी (सेफमध्ये एकेक डिस्क सांभाळणारी प्रोसेस) डाऊन दाखवतोय. अहो, ओएसडी डाऊन म्हणजे नुसता ताप आलाय, तो मलेरियाचा की उन्हातून फिरल्याचा हे रक्त तपासल्याशिवाय कसं कळणार? आणि तपासायच्या आधीच लोक डिस्क उपटतात, मग धडधाकट डिस्क बाहेर आणि आजारी आत.

खाली जे लिहितोय ते आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असतो तो सेटअप धरून: तीन ते सहा नोड (म्हणजे सर्व्हर), प्रत्येकात चार-सहा डिस्क, पूलचा साइज ३ (डेटाच्या तीन कॉपी), मिन साइज २ (निदान दोन कॉपी असतील तरच काम चालू), फेल्युअर डोमेन होस्ट (प्रत्येक कॉपी वेगळ्या सर्व्हरवर). कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजीत करा.

## तयारी: सगळं हिरवं असताना करायची कामं

नकाशा बनवा. कुठला नोड, कुठला स्लॉट, डिस्कचा सिरीयल नंबर, तिच्यावर कुठला ओएसडी. ‘सेफ डिव्हाइस एलएस’ मारलं की डिस्क, होस्ट आणि ओएसडीची जोडी मिळते, पण स्लॉट त्यात नसतो, तो सर्व्हरसमोर उभं राहून एकदाच लिहून काढावा लागतो. कॅडीवर (डिस्क बसवायच्या ट्रेवर) सिरीयलचे शेवटचे पाच अक्षर-आकडे लिहिलेलं स्टिकर लावा. दहा रुपयांचं काम आहे, रात्री दोन वाजता त्याची किंमत कळते.

एसडीए, एसडीबी या नावांवर विसंबू नका. लिंक तुटून परत जोडली गेली की कालची एसडीडी आज एसडीके होऊन बसते. ओळख फक्त सिरीयल किंवा डब्ल्यूडब्ल्यूएनने (डिस्कला कारखान्यातूनच मिळालेला कायमचा नंबर) ठेवा, ‘एलएसबीएलके’ला हे दोन कॉलम मागितले की देतो.

रेड कार्ड (अनेक डिस्क मिळून एक दाखवणारं कंट्रोलर कार्ड) कुठल्या मोडमध्ये आहे ते बघा. सेफला सरळ डिस्क दिसली पाहिजे, म्हणजे एचबीए किंवा आयटी मोड. प्रत्येक डिस्कचा वेगळा रेड झिरो करून दिलेला असेल तर स्मार्टची (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) माहिती कार्डामागे लपते, मग ‘स्मार्टसीटीएल’ला मेगारेडचा प्रकार आणि डिस्क नंबर सांगावा लागतो. हे आधीच करून बघा, आग लागल्यावर विहीर खणू नका.

जागेचा हिशोब. इथे सगळ्यात जास्त जण चुकतात म्हणून जरा लांबण लावतो. समजा तीन नोड आहेत आणि प्रत्येकात चार डिस्क. तीन कॉपी तीन वेगळ्या होस्टवर ठेवायच्या असा नियम, आणि होस्ट तीनच. म्हणजे एका नोडमधली एक डिस्क गेली तर तिचा डेटा दुसऱ्या नोडवर जाऊच शकत नाही, त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर कोंबला जातो. चारही डिस्क ६० टक्के भरलेल्या असतील तर तीन होतात ८० टक्के, चालून जातं. ६५ असेल तर जवळजवळ ८७, म्हणजे नियरफुलची ८५ ची रेघ ओलांडली. ७० असेल तर ९३, आणि बॅकफिलफुल ९० ला आहे त्यामुळे भरपाई (गेलेली कॉपी परत बनवणं) मध्येच अडकते. ९५ ला फुल, तिथे राइट बंद आणि सगळ्या व्हीएम गार. डॅशबोर्डवर ‘७० टक्केच भरलंय की’ म्हणून निवांत बसणाऱ्यांनी हा हिशोब एकदा कागदावर करावा. चार डिस्कच्या नोडला माझ्या मते ६० च्या वर जाऊच नये.

तपासून घ्या: तिन्ही नोडची घड्याळं क्रोनीने जुळलेली आहेत ना? दोन नोडचे लॉग शेजारी ठेवून वाचायचे आहेत, त्यात मिनिटाचा फरक असला तर आधी काय आणि नंतर काय तेच कळत नाही.

## टप्पा १: पहिली पाच मिनिटं, फक्त बघायचं

‘सेफ हेल्थ डिटेल’ आणि ‘सेफ ओएसडी ट्री’. दोन्हीचं आउटपुट वेळेसकट कुठेतरी पेस्ट करून ठेवा, कारण तासाभराने चित्र बदललेलं असतं आणि मग आठवत नाही सुरुवात कुठून झाली.

आता ट्रीमध्ये नमुना शोधा.

एकाच नोडचा एकच ओएसडी डाऊन, बाकी ठणठणीत: डिस्कवर संशय घ्यायला हरकत नाही.

एका नोडचे सगळे किंवा तीन-चार एकदम डाऊन: एकाच मिनिटाला चार डिस्क मरत नाहीत. एचबीए (डिस्क जोडायचं कार्ड), बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचतात ती पाटी), केबल, पॉवर, नाहीतर नोडचं नेटवर्क. आणि हो, त्या सगळ्यांची डीबी-वॉल (ओएसडीची आतली हिशोबवही) एकाच एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) ठेवलीये का ते बघा. ती एक एनव्हीएमई गेली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे ओएसडी जातात, खालच्या हार्ड डिस्क बिचाऱ्या एकदम चांगल्या असतात.

वेगवेगळ्या नोडचे ओएसडी खाली-वर, खाली-वर नाचतायत: नेटवर्क. डिस्ककडे बघूसुद्धा नका.

डाऊन आणि आऊट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात पक्कं ठेवा. डाऊन म्हणजे ओएसडी बोलत नाहीये. आऊट म्हणजे क्लस्टरने त्याला हिशोबातून काढून त्याचा डेटा दुसरीकडे बनवायला घेतलाय. डाऊन झाल्यापासून ६०० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं सेफ वाट बघतो आणि मग स्वतःच आऊट करतो. व्हीसॅनवरून (व्हीएमवेअरचं असंच स्टोरेज) आलेल्यांची इथे गल्लत होते, तिकडे ‘अ‍ॅबसेंट’ झालं की डीफॉल्ट तासभर वाट बघतात.

केबल किंवा नेटवर्कचा संशय असेल आणि तुम्ही समोर बसलेले असाल तर ‘सेफ ओएसडी सेट नोआऊट’ मारा, उगाच टेराबाइटांची हलवाहलव टळते.

सावधान: नोआऊट लावून झोपायला जायचं नाही. तो लावलेला असताना डिस्क खरोखर मेली तर क्लस्टर दोन कॉपींवर तसाच बसून राहतो, भरपाई सुरूच करत नाही. हेल्थमध्ये तो वॉर्निंग दाखवतो पण लोकांना पिवळा रंग बघायची सवय होते.

## टप्पा २: प्रोसेस मेली की डिस्क?

ओएसडी म्हणजे शेवटी एक प्रोसेस. डिस्क एकदम ठीक असताना प्रोसेस मरू शकते. त्या नोडवर ‘जर्नलसीटीएल’ने त्या ओएसडीच्या युनिटचा लॉग काढा आणि शेवटच्या शंभर ओळी सावकाश वाचा, नुसतं एरर शब्द शोधून सोडून देऊ नका.

मेमरी कमी पडून कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) मारलाय का? प्रत्येक ओएसडीचं मेमरी टार्गेट डीफॉल्ट ४ जीबी, सहा ओएसडी म्हणजे २४ झाले, वर व्हीएमना भरभरून रॅम वाटलेली, मग ओओएम किलर येणारच. ‘सेफ क्रॅश एलएस’ पण बघा. क्रॅशच्या नोंदीत इनपुट-आउटपुट एरर दिसली तर डिस्ककडे जा, नुसती असर्ट असेल तर बग असू शकतो.

नेटवर्कसाठी एक तपासणी जी नव्वद टक्के लोक करत नाहीत: जम्बो फ्रेम. एमटीयू (एका पॅकेटचं जास्तीत जास्त माप) ९००० ठेवलाय पण स्विचचा एखादा पोर्ट १५०० वर राहिलाय, अशा वेळी साधा पिंग मस्त जातो कारण पॅकेट छोटं असतं, आणि मोठा डेटा निघाला की अडकतो. पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन साइज ८९७२ ठेवा आणि प्रत्येक नोडवरून प्रत्येक नोडला मारा. एक जरी अडकला तरी डिस्कचा विषय तिथेच बंद.

## टप्पा ३: कर्नल काय म्हणतोय

‘डीमेसेज’ला डॅश कॅपिटल टी लावा म्हणजे वाचता येईल अशी वेळ दिसते. इथे दोन जातीच्या तक्रारी असतात आणि त्या ओळखता आल्या की अर्धी लढाई जिंकलात.

‘मीडियम एरर’, ‘अनरिकव्हर्ड रीड एरर’, सोबत सेक्टरचा नंबर: डिस्क स्वतः सांगतेय की मला ही जागा वाचता येत नाही. ही खरी डिस्कची तक्रार.

‘हार्ड रीसेटिंग लिंक’, ‘लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड’, ‘डिड नो कनेक्ट’: डिस्कपर्यंतचा रस्ता खराब. केबल, बॅकप्लेन, एचबीए, पॉवर, किंवा डिस्कचं इलेक्ट्रॉनिक्स. इथे डिस्क बदलून काही होत नाही असं नाही, पण आधी कॅडी काढून नीट बसवणं, मग तीच डिस्क दुसऱ्या स्लॉटला लावून बघणं. तक्रार डिस्कबरोबर गेली तर डिस्क दोषी, स्लॉटलाच चिकटून राहिली तर बॅकप्लेन. एका ठिकाणी एकाच स्लॉटला पाठोपाठ तीन नव्या डिस्क ‘मेलेल्या’ मी बघितल्यात, तिन्ही वॉरंटीत परत पाठवल्या, चौथीच्या वेळी कोणीतरी स्लॉट बदलून बघितला.

## टप्पा ४: स्मार्ट, पण डोळे उघडे ठेवून

‘स्मार्टसीटीएल’ला डॅश एक्स देऊन पूर्ण रिपोर्ट काढा. आणि वर जे ‘पास्ड’ लिहून येतं ते विसरून जा. डिस्क कण्हत असताना पण ते पास्डच असतं, ते फेल होईपर्यंत तुम्हाला व्हीएमवाल्यांचे शंभर फोन आलेले असतात.

साटा हार्ड डिस्कला बघायचे आकडे: ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे वाचताच न आलेले, १८७ म्हणजे वर कळवलेल्या न सुधारलेल्या चुका. यातला आकडा किती आहे यापेक्षा तो वाढतोय का हे महत्त्वाचं. ५ नंबरला ८ दिसतायत आणि वर्षभर ८ च आहेत, राहू द्या. काल ८ होते, आज ६४, परवा २००, तर ऑर्डर द्या. १९७ कधीकधी त्या जागी नवीन लिहिलं गेलं की शून्यावर परत येतो, त्यामुळे एकट्या त्याच्यावरून फाशी नको.

१९९ म्हणजे सीआरसी एरर, हा जवळजवळ नेहमी केबल किंवा कनेक्टरचा. हा आकडा कमी कधी होत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर तो थांबला का एवढंच बघायचं.

सीगेटच्या डिस्कला १ आणि ७ नंबरचे कच्चे आकडे कोटींमध्ये दिसतात, ते बघून घाबरू नका. ती त्यांची मोजायची पद्धत आहे, त्यात एकूण किती वेळा वाचलं तेही भरलेलं असतं.

सॅस डिस्कला हे नंबर नसतातच, तिथे ‘ग्रोन डिफेक्ट लिस्ट’ आणि एरर काउंटरमधला ‘टोटल अनकरेक्टेड’ बघा. एनव्हीएमईला ‘क्रिटिकल वॉर्निंग’, ‘अव्हेलेबल स्पेअर’ आणि ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’. ‘पर्सेंटेज युज्ड’ १०० च्या वर गेलं म्हणजे ती मेली असं नाही, कंपनीने सांगितलेलं आयुष्य संपलं इतकंच.

सावधान: स्मार्ट स्वच्छ आहे म्हणजे डिस्क चांगली, असा उलटा निष्कर्ष काढू नका. गूगलने २००७ साली आपल्या डिस्कांचा अभ्यास मांडला होता, त्यात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कमध्ये महत्त्वाच्या चार स्मार्ट आकड्यांपैकी एकही हललेला नव्हता.

लाँग टेस्ट लावायची असेल तर वेळ धरा. १२ टीबीची डिस्क सरासरी २०० एमबीने वाचली तरी १६-१७ तास, आणि वर क्लस्टरचा लोड असला तर आणखी.

## टप्पा ५: मेलेली परवडली, मंद डिस्क नको

खरी डोकेदुखी ही. डिस्क अप आहे, हेल्थमध्ये फारसं काही नाही, मधूनच ‘स्लो ऑप्स’ येतात आणि जातात, आणि इकडे लिनक्सच्या व्हीएममध्ये ‘१२० सेकंदांपेक्षा जास्त अडकलेला टास्क’ असे मेसेज, विंडोजमध्ये इव्हेंट १२९ आणि १५३. लोक व्हीएम रीस्टार्ट करत बसतात.

एक मंद डिस्क सगळ्या पूलला खाली ओढते कारण राइट पूर्ण झाला असं व्हीएमला सांगायच्या आधी तिन्ही कॉपींचा होकार लागतो. तिघांत एक जण लंगडत असेल तर वारी त्याच्याच चालीने चालणार. आणि डेटा सगळीकडे पसरलेला असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक व्हीएमचा काही ना काही भाग त्या डिस्कवर असतो, म्हणून तक्रारी सगळीकडून येतात आणि डिस्कवर संशय जातच नाही.

‘सेफ ओएसडी पर्फ’ दर दहा सेकंदांनी पाच-सहा वेळा चालवा. सगळे ५ ते १५ मिलिसेकंदांत आणि एकच पठ्ठ्या ३००-४०० वर, आणि दर वेळी तोच, तर सापडला. मग त्या नोडवर ‘आयओस्टॅट’ला डॅश एक्स देऊन त्याचा अवेट (एकेका कामाला लागणारा सरासरी वेळ) शेजारच्या डिस्कशी ताडून बघा. खात्री हवी असेल तर ‘सेफ टेल’ने त्या ओएसडीला बेंच करायला सांगा, तो डीफॉल्ट १ जीबी लिहून वेग सांगतो, मग तेच शेजारच्या चांगल्या ओएसडीवर. एकदम दोन्हीवर नको आणि ऑफिसच्या वेळात तर नकोच.

मंद असण्याची कारणं पण वेगवेगळी. डेस्कटॉपची डिस्क खराब सेक्टरवर मिनिटभर झटापट करत बसू शकते, सर्व्हरची डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करते. एसएमआर प्रकारची (ट्रॅक एकमेकांवर चढवलेली) हार्ड डिस्क असेल तर ती जोरदार राइटखाली अशीच वागणार, तो बिघाड नाही, खरेदीतली चूक आहे. साध्या कन्झ्युमर एसएसडीला पॉवर लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तर हातातला डेटा वाचवायची सोय) नसतं, त्यामुळे सेफच्या सिंक राइटला ती रडते. यातलं काहीच वॉरंटीत बदलून मिळत नाही हे क्लायंटला आधीच सांगितलेलं बरं.

## टप्पा ६: पीजी इनकन्सिस्टंट आलं तर

पीजी म्हणजे डेटाचे गठ्ठे, सेफ डेटा असे गठ्ठे करून ठेवतो. डीप स्क्रबमध्ये (कॉपी वाचून ताडून बघायच्या तपासणीत) तीन कॉपी जुळल्या नाहीत तर हे येतं. लगेच ‘पीजी रिपेअर’ मारून हिरवं करायचा मोह आवरा. आधी ‘राडोस लिस्ट इनकन्सिस्टंट ऑब्जेक्ट’ने बघा की कुठल्या ओएसडीवर ‘रीड एरर’ लिहिलंय. तो नंबर टिपून ठेवा, मग रिपेअर करा. ब्लूस्टोअर (सेफचा डिस्कवर डेटा लिहिणारा भाग) चेकसम ठेवतो त्यामुळे चांगली कॉपी कुठली ते त्याला कळतं, रिपेअरला घाबरायचं कारण नाही, पण पुरावा पुसला जातो. महिन्यात तीनदा तोच ओएसडी आला तर स्मार्ट काहीही म्हणो, डिस्क काढा.

## टप्पा ७: ठरलं, काढायची

१. आजारी पण चालू असलेली डिस्क आधी ‘आऊट’ करा, बंद करू नका. चालू असेल तर डेटा हलेपर्यंत तिसरी कॉपी हाताशी राहते. नोआऊट लावलेला असला तरी हाताने केलेलं आऊट चालतं.

२. तयारीतला जागेचा हिशोब आत्ता बघा. जागा पुरत नसेल तर आऊट न करता नोआऊट लावून लगेच नवी डिस्क घालायची, त्या वेळात दोनच कॉपी असतील हे मान्य करून, आणि बॅकअप ताजा आहे याची खात्री करून.

३. भरपाई सावकाश चाललीये म्हणून जुन्या लेखातले मॅक्स बॅकफिल्सचे (एका वेळी किती भरपाई चालवायची ते) आकडे टाकू नका. सेफच्या क्विन्सी आवृत्तीपासून एमक्लॉक शेड्युलर (कुठल्या कामाला किती वाटा ते ठरवणारा) डीफॉल्ट आहे, तो ते आकडे सरळ दुर्लक्षित करतो. त्याचं प्रोफाइल बदला, रात्री ‘हाय रिकव्हरी ऑप्स’, सकाळी परत.

४. सगळे पीजी ‘अ‍ॅक्टिव्ह प्लस क्लीन’ झाले की ‘सेफ ओएसडी सेफ टू डिस्ट्रॉय’ (यातला दुसरा सेफ म्हणजे सुरक्षित) विचारा. हो म्हणाला तरच ओएसडी थांबवा.

५. ‘डिस्ट्रॉय’ वापरा, ‘पर्ज’ नको. पर्ज केलं की क्रश मॅपमधलं (कुठे किती डेटा जायचा त्या नकाशातलं) वजन बदलतं आणि डेटाची जास्तीची हलवाहलव होते. डिस्ट्रॉय केलं तर तोच नंबर नव्या डिस्कला देता येतो.

६. लाइट लावा, ‘लेडसीटीएल लोकेट’ किंवा ‘सेफ डिव्हाइस लाइट’. चालत नसेल तर उलटी युक्ती: त्या नोडच्या बाकीच्या सगळ्या डिस्क ‘डीडी’ने नुसत्या वाचायला लावा, सगळ्यांचे दिवे लुकलुकतात आणि एकच अंधारात राहते. डीडीमध्ये आउटपुट फाइल डेव्ह नलच (लिहिलेलं सगळं फेकून देणारी जागा) आहे हे तीनदा बघा.

७. कॅडी बाहेर, स्टिकर आणि डिस्कवरचा सिरीयल वाचा, जुळला तरच पुढे.

हा सातवा मुद्दा मी शिकलो तो असा. महाप्याच्या एका डेटा सेंटरमध्ये रात्री पावणेदोन, मी घरी फोनवर, तिथे एक नवीन मुलगा. ‘दादा, वरून दुसरा सर्व्हर, चार नंबर, काढू ना?’ मी म्हटलं काढ. मी नोड खालून मोजत होतो, तो वरून. चुकीच्या नोडची चांगली डिस्क बाहेर आली. खरी आजारी डिस्क आधीच डाऊन होती, तिचा डेटा अजून भरून झाला नव्हता, त्यामुळे काही पीजींची एकच कॉपी उरली, मिन साइज २, आणि ते पीजी तिथेच थांबले. पोराने अर्ध्या मिनिटात परत घातली, पण कर्नलने तिला नवं नाव दिलं, डिव्हाइस मॅपरची जुनी नोंद अडकून बसली, ती काढून व्हॉल्यूम परत अ‍ॅक्टिव्हेट करेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत क्लायंटचा मॅनेजर मला तीन वेळा म्हणाला की मिन साइज १ करून टाका ना.

सावधान: ते करायचं नाही. एकाच कॉपीवर राइट चालू झाले आणि ती डिस्क गेली तर जे गेलं ते परत आणायला दुसरी कॉपीच नसते.

८. नवी डिस्क आधीच्याच मापाची किंवा मोठी. वापरलेली असेल तर ‘सेफ व्हॉल्यूम एलव्हीएम झॅप’ करून मग त्याच ओएसडी नंबरने क्रिएट करा. फक्त डीबीची जागा आधी एनव्हीएमईवर होती तर आताही तीच निवडा, नाहीतर हा एकच ओएसडी कायम बाकीच्यांपेक्षा मंद राहील आणि महिन्याभराने तुम्ही परत टप्पा ५ वर.

## टप्पा ८: निघण्याआधी

नोआऊट काढला का? एमक्लॉकचं प्रोफाइल परत केलं का? लावलेला लाइट बंद केला का, नाहीतर पुढच्या वेळी तिथलाच माणूस तीच डिस्क काढेल. नकाशात नवा सिरीयल लिहा, स्टिकर बदला, नव्या डिस्कचा पहिला स्मार्ट रिपोर्ट तारखेसकट साठवा.

काढलेली डिस्क टेबलावर ‘बघू नंतर’ म्हणून ठेवू नका. तिच्यावर मार्करने तारीख, ओएसडी नंबर आणि काढायचं कारण लिहा, मीडियम एरर की लिंक रीसेट. तीन महिन्यांनी कोणीतरी तीच स्पेअर समजून परत लावतो.